बारच्या दारातला उतार

देवरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या थोरल्या भावाचा बार होता. गल्ल्यावर मी बसायचो आणि स्वतःला मॅनेजर म्हणवून घ्यायचो. भाऊ मला नुसतं 'गल्ल्यावरचा' म्हणायचा.

२००८ साली बातमी आली, गांधी जयंतीपासून हॉटेल-बारमध्ये विडी-सिगारेट बंद. आमच्याकडे तेंदूपत्ता तोडण्यावर अन् विड्या वळण्यावर कितीतरी घरं चालतात. एका गिऱ्हाइकाने विचारलंच, "घरी बायको विड्या वळते, आन् इथं तू वढू देत नाही? कायले?"

मी तयारीला लागलो. पाटी रंगवून आणली. राखेच्या वाट्या घासून त्यांत फुटाणे द्यायला लावले. लोकांनी सवयीने फुटाण्यांवरच राख झाडली.

बारच्या दुरुस्तीचा नकाशा काढताना इंजिनीअरने चार पायऱ्यांशेजारी अपंगांसाठी उतार दाखवला होता. "आजकाल दाखवावा लागते," म्हणाला. मिस्त्रीने बांधला, मी वरून पत्रे टाकले. कायद्याला उतार झाला, विडीवाल्यांना सावली झाली. आपली पाठ आपणच थोपटायला हात जरा वाकडा करावा लागतो, तेवढा मी केला.

उताराची गरज असलेला माणूस आमच्याकडे एकच यायचा. आमचे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले, हाताने चालवायची तीनचाकी, गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दर शनिवारी संध्याकाळी यायचे. ते दिसले की मी गल्ल्यावरून ओरडायचो, "भाऊजी आले रे! उचला!" दोन वेटर त्यांना तीनचाकीसकट वर आणायचे. सासुरवाडीत जावयाला पायरी चढू देऊ नये, हा आमचा मान. भाऊजी हसायचे. एक क्वार्टर घ्यायचे, पाण्याचा ग्लास मात्र परत पाठवायचे. "आमचे जावई कोरीच घेतात," असं मी लग्नाकार्यात रंगवून सांगत असे.

कायदा लागू झाला त्या दिवशी आमच्या बारमध्ये कोणीही विडी ओढली नाही. गांधी जयंतीला बार बंदच असतो.

पुढच्या शनिवारी उतारावर विडीवाले ओळीने बसलेले. भाऊजी आले. मी ओरडलो, "भाऊजी आले रे! उचला!"

"थांब," भाऊजी म्हणाले. "मंग हे कायले बांधलं?"

विडीवाले उठले. भाऊजींनी चाक फिरवायला सुरुवात केली. अर्ध्यात अडकले, तीनचाकी मागे सरकायला लागली. मी धावलो.

"हात नको लावू."

ब्रेक दाबत दाबत ते खाली उतरले. कपाळ पुसलं. "धानाचे पोते चढवाले बांधला का रे?"

खरंच तसा होता. मिस्त्रीचा जन्म राईस मिल बांधण्यात गेलेला, अन् मीच त्याला म्हटलं होतं, मिलसारखाच आखूड अन् उभा ठेव, बाकडी टाकायला जागा उरेल.

"भाऊजी, आजचा दिवस उचलून..."

"उचलून आता नाही." तीनचाकी वळवून ते निघून गेले.

दोन शनिवार आले नाहीत. बहिणीचा फोन आला, "काय करून ठेवलं रे तू? हे बोलूनच नाही राहिले."

मी त्यांच्या दुकानात गेलो. जावयाला विचारायचं ते पहिल्यांदाच विचारलं, "किती लांब पाहिजे, भाऊजी?" त्यांनी मान वर न करता मिस्त्रीला घेऊन ये म्हटलं आणि खडूने जमिनीवर आखून दाखवलं. नवा उतार अख्ख्या भिंतीच्या कडेने गेला. बाकडी गेली, पत्रे गेले, विडीवाले समोरच्या मोहाच्या झाडाखाली गेले. जाताना मला शिव्या देऊन गेले.

पुढच्या शनिवारी भाऊजी आले. माझं तोंड सवयीने उघडलंच होतं, त्यात मी फुटाणे कोंबले. धापा टाकत, पण एकटे, ते टेबलापर्यंत आले. क्वार्टर मागवली अन् खिशातून विडी काढली.

"भाऊजी, आत नाही," मी पाटी दाखवली.

"माहीत आहे." ते वळले, खाली गेले, मोहाखाली विडी ओढून वर आले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा हातात विडी नव्हती. ते बारमागच्या मुतारीकडे गेले. इतकी वर्षं तेवढ्यासाठी दोन वेटरना हाक मारावी लागली असती, आणि ती त्यांनी एकदाही मारली नव्हती.

वर आल्यावर ते गल्ल्याशी थांबले.

"पानी पाठव," म्हणाले. "जग भरून."