एका दमातली रेघ

खंडाळ्यापासून तळेगावापर्यंत कुणाचाही नोकर नसलेला असा एकच माणूस त्या काळी होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला! शेतकरी पावसाचा नोकर, दुकानदार गिऱ्हाइकाचा, स्टेशनमास्तर गाडीचा आणि मी वडगावच्या कचेरीत मामलेदारसाहेबांचा. आमचे दाजी मात्र कुणाचेच नव्हते. ते पाट्या रंगवत. मनात आलं तर रंगवत, नाही आलं तर बोलावणाऱ्याला दुसऱ्या पेंटरचा पत्ता देऊन आडवे होत. लग्नाच्या बैठकीत आमच्या वडिलांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "मुलगा कुठं असतो?" मुलाच्या मामांनी तोंड उघडायच्या आत मुलगाच म्हणाला, "आज लोणावळ्यात. उद्याचं अजून ठरलं न्हाई." वडिलांना ते इतकं आवडलं, की हसण्याच्या भरात ते होकार देऊन बसले. नंतर भाऊबंदांनी 'बिननोकरीचा जावई' म्हणून कुरकुर केली, तेव्हा भर पंगतीत दाजी कडाडले, "देश स्वतंत्र झाला तवा पेढं वाटलं तुमी. आन् माणूस स्वतंत्र ऱ्हायला, तर सोयरीक मोडाय निघाला व्हय?" तेवढ्यात जिलबीचा दुसरा फेरा आला, म्हणून तो विषय तिथंच राहिला.

आणि काय तो काळ होता! जिकडेतिकडे काहीतरी नवीन निघत होतं. दूध सोसायटी, पिठाची गिरणी, शाळेची नवी खोली, वाचनालय, टायपिंगचा क्लास. दाजींचं म्हणणं असं, की नवीन उभ्या राहणाऱ्या देशाला सगळ्यात आधी कशाची गरज असेल तर ती पाटीची. "धरण मागनं हुईल, पाव्हणं, पाटी आधी लागती!" ते अगदी खरं होतं, कारण टाकवे बुद्रुकला त्यांनी दवाखान्याची पाटी रंगवली तेव्हा तिथं दवाखाना नव्हता, डॉक्टर नव्हता, एक रिकामी खोली आणि तिच्यात बांधलेली म्हैस होती. डॉक्टर दोन वर्षांनी आला. तोवर लोक पाटी बघून येत आणि म्हैस बघून परत जात. पण दाजींचा उत्साह कशानंच कमी होत नसे. संध्याकाळी चाळीचा जिना चढतानाच ते दिवसभराचं काम ओरडून सांगत. "आज गिरणी झाली गं!" "आज दवाखाना झाला!" जणू पाटीबरोबर इमारतही यांनीच बांधून आणली. अक्का आतून "बरं झालं, हातपाय धुवा," म्हणे, आणि सबंध चाळीला तालुक्याची प्रगती कळे.

त्यांची कामाची तऱ्हाही जगावेगळी होती. पाटी सांगितली, की रंग काढण्याआधी ते त्या जागी पुरा एक दिवस नुसते बसून राहत. "दुकानाचा सोभाव अक्षरात उतराय पायजे," हे त्याचं कारण. चिक्कीच्या दुकानात बसले तेव्हा मालकाला ही पद्धत फार महाग पडली, कारण स्वभाव समजून घेताना ते चवही समजून घेत होते. एकदा मुंबईच्या एका शेठजींनी नवीन बंगल्यावर 'शांतिकुंज' लिहायला बोलावलं. दाजी सकाळपासून व्हरांड्यात बसले. आत शेठजी आणि शेठाणी यांचं पडद्यांच्या रंगावरून जे सुरू झालं, ते चहापर्यंत संपलं नाही. दाजी उठले आणि हात जोडून म्हणाले, "लिवतो शेठ, पर अक्षरं जरा बारीक काढतो." शेठजी आधी लाल झाले, मग आतून शेठाणीच खळखळून हसल्या आणि पाटी बारीक अक्षरातच झाली.

पण खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे अक्षरांवरची रेघ. आधी सगळी अक्षरं बिनरेघेची काढायची, वाळू द्यायची आणि शेवटी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ, एका दमात. श्वास रोखून ते ब्रश टेकवत, तेव्हा बाजारात येणारेजाणारेही श्वास रोखत. मध्ये ठसका लागला किंवा केसभर जरी हात हलला, तरी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन सगळी रेघ पुसत आणि पुन्हा ओढत. रेघेला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. मी एकदा मदतीला गेलो तर माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. "रेघ म्हंजी वाळत घालायची दोरी हाय, पाव्हणं. तीच वाकडी झाली, तर समदी कापडं मातीत."

आता या स्वतंत्रपणाची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझी बहीण मला सोडणार नाही. रजा नाही, कारण हजेरीच नाही. लोणावळ्यात पावसाचे चार महिने रंग वाळत नाही, तेव्हा घरात ब्रशांना बुरशी आणि दाजींना तत्त्वज्ञान येई. मोबदला म्हणून कधी आंबेमोहोर, कधी कोंबडी आणि बहुतेक वेळा चिक्कीच घरात येई. अक्कानं चिक्की कुटून तिची आमटीसुद्धा करून पाहिली होती! त्यांची खोली वरच्या मजल्यावर आणि पाणी खाली विहिरीचं. अक्का दिवसाला चौदा खेपा करी. तिला दागिना नको होता, साडी नको होती. तिला घरातला नळ हवा होता. "नुसता फिरवायचा आणि पाणी!" हे बोलताना तिचा चेहरा असा काही उजळे, की माझ्यातला कारकून जागा झाला आणि दाजींसाठी नोकरी मीच आणली.

तळेगावच्या बाजूला नवा कारखाना निघाला होता. तिथं पेंटरची जागा होती. सहा महिने तात्पुरती, मग कायम, आणि कायम झाला की दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात नळ. दाजींनी अक्काच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कामावर हजर झाले. पहिलं काम निघालं 'धोका' लिहिण्याचं, यंत्रायंत्रावर. दाजी सवयीप्रमाणे एकेका यंत्राजवळ दिवसदिवस बसले आणि त्यांनी प्रत्येक यंत्राला वेगळा धोका काढून दिला. कुठं नुसता दटावणारा, कुठं डोळे वटारलेला, आणि मोठ्या प्रेसवर तर असा, की कामगार दोन पावलं मागंच उभे राहू लागले. साहेब भडकले. "धोका सगळीकडे सारखाच असतो!" दाजी शांतपणे म्हणाले, "न्हाई साहेब. हितं बोट जाईल, तितं हात जाईल. अक्षर सारकं कसं काढू?" साहेबांनी पत्र्याचा साचा आणून दिला. साचा टेकवायचा, वरून ब्रश फिरवायचा. पुन्हा असं झालं तर कायम व्हायचं विसरा, असंही बजावलं. दाजींनी साचा घेतला. मला वाटलं, सुटलो बुवा, माणूस मार्गी लागला!

सहा महिने भरत आले आणि कारखान्यात सत्यनारायण झाला. बायकामुलांना बोलावणं होतं, मीही गेलो. प्रसाद झाल्यावर दाजींनी आम्हांला आपलं होणारं क्वार्टर दाखवलं. अक्कानं नळ फिरवला. काय ती धार! तिनं दोन्ही हात धारेखाली धरले आणि लहान मुलीसारखी हसत राहिली. सोमवारी कायमचं पत्र मिळणार होतं. परतताना आम्ही कारखान्यातून चाललो होतो. अक्का प्रत्येक यंत्रापाशी थांबे, पाटीकडे बघे आणि पुढे जाई. शेवटी तिनं विचारलं, "अहो, यातलं तुमचं कुठलं?"

"समदंच," दाजी म्हणाले.

अक्कानं पुन्हा एकदा पाहिलं. साच्याची अक्षरं, जागोजागी तुटलेली रेघ. "मला ओळखूच आलं नाही हो," ती म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली.

रविवारी तिनं मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, की उद्या दाजी ते पत्र घेणार नाहीत. मी संतापलो. किती जणांच्या विनवण्या केल्या होत्या मी! "अक्का, नळ डोळ्यांनी बघून आलीस आणि वेड लागलं तुला?"

"नळ येईल रे कधीतरी," ती म्हणाली. "सहा महिने झाले, हे जिना चढलेले मला कळतच नाहीत. पहिल्या आठवड्यात विचारलं, आज काय झालं? म्हणाले, धोका. मग मी विचारायचीच थांबले."

दाजी कोपऱ्यात बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण डोळे पुसले. मला माझ्या कारकुनी डोक्याची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम चाळीत गेलो. दाजींनी लाकडाच्या फळीवर अक्काचं नाव काढलं होतं, बिनरेघेचं. साऱ्या लोणावळ्याच्या दारांवर पाट्या लावणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दारावर तोवर पाटी नव्हती. त्यांनी ब्रश अक्काच्या हातात दिला. "वढ. एका दमात. भ्यायाचं न्हाई." अक्कानं श्वास रोखला, निम्म्यापर्यंत नीट आली, आणि सगळी चाळ गोळा झालेली पाहून तिला हसू फुटलं. रेघ वर गेली, खाली आली, एका अक्षराला तर शिवलीच नाही. मी टर्पेंटाइनची बाटली पुढे केली. दाजींनी ती माझ्या हातातून घेऊन खिडकीत ठेवून दिली. "लय झ्याक," म्हणाले आणि पाटी तशीच दाराला ठोकली.

चाळीत नळ आला, पण फार उशिरा. तोवर विहिरीच्या खेपा चालू राहिल्या, आणि जिन्यावरून "आज वाचनालय झालं गं!" हेही चालू राहिलं. दाजी गेले आणि अक्का माझ्याकडे राहायला आली, तेव्हा त्या खोलीतून तिनं मुख्य म्हणजे ती पाटीच आणली. परवा घराला रंग द्यायला एकजण आला होता. बिचारा चांगल्या मनानं म्हणाला, "मावशी, ही रेघ सरळ करून देऊ का? पैसे नकोत." अक्का लगबगीनं उठली. तिनं पाटी खुंटीवरून काढली आणि पदरानं पुसत म्हणाली, "हात नको लावू रे बाबा. हसले होते मी, म्हणून वाकडी आहे ती."