खंडेनवमीनंतर बंद पडलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीला आमच्या घरी विळा, खुरपं, माझं शिलाई मशीन, ह्यांची मोटरसायकल आणि कॉम्प्युटर अशी सगळ्यांची पूजा होते. यंदा बाकीच्यांना काही झालं नाही, कॉम्प्युटर तेवढा गेला.

माझ्या नवऱ्याचा उभा जन्म निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेला. नारळ फोडल्याशिवाय यंत्र वर्षभर राबत नाही, अशी त्यांची पक्की श्रद्धा. वखारीतल्या वजनकाट्यापुढे त्यांनी दर दसऱ्याला नारळ फोडला आणि काट्यानं कधी कुरकुर केली नाही. पण काटा लोखंडाचा होता.

आदल्या दिवशी मी कॉम्प्युटरच्या डब्याचा बाजूचा पत्रा काढून आतली धूळ झाडली होती. मुलानंच फोनवर बजावलं होतं, सणाच्या आधी आतून साफ कर म्हणून. इथं हवेतच तंबाखूची भुकटी असते, ती पंख्यात जाऊन बसते. सकाळी ह्यांनी उघडा डबा पाहिला आणि त्यांना वाटलं, पूजेसाठीच उघडून ठेवलाय. मग काय! आतल्या पंख्याला झेंडू अडकवला, मदरबोर्डावर कुंकवाची बोटं ओढली आणि मोटरसायकलच्या चाकावर शिंपडतात तसं नारळाचं पाणी आत शिंपडलं. वर भक्तिभावानं बटण दाबलं. पंखा झेंडूसकट एक गिरकी घेऊन थांबला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी भडकले. नको ते बोलले. हे उंबऱ्यावर बसून म्हणाले, “देवाचं पाणी हाय ते. देवाच्या पाण्यानं कुठं बिघडतंय व्हय?”

हा कॉम्प्युटर आमच्या मुलानं घरी जोडलेला. बेळगावला शिकत होता तेव्हा तिथून एकेक सुटा भाग घेऊन यायचा. तो जमिनीवर मांडी घालून जोडायचा, मी टॉर्च धरायची आणि स्क्रू बशीत सांभाळायची. आता तो बेंगळुरात नोकरीला आहे. तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘जेवलास का’ यावर येऊन ठेपलंय. त्याचं माझ्यावर प्रेम नाही असं नाही. बोलायला काही सुचत नाही, एवढंच. पण कॉम्प्युटर रुसला की हाच मुलगा तासभर बोलायचा. हे काढ, ते लाव, आता बघ. मधल्या वेळात ऑफिसातलं, खोलीतल्या मित्रांचं, भाजी कशी करपली त्याचं, सगळं सांगून टाकायचा. मी घरी शिकवणी घेते, त्या मुलांच्या प्रश्नपत्रिका मी हातानंही लिहिल्या असत्या. मला तो कॉम्प्युटर जिवंत हवा होता, कारण तो अधूनमधून बिघडायला हवा होता. ह्यांना हे सांगून काही उपयोग नव्हता.

त्या संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावला आणि झालं ते सरळ सांगितलं.

“आप्पांनी नारळ फोडला?” मुलगा म्हणाला. “आत?”

“आत.”

त्यानं कपाळावर हात मारला. मग उसासा टाकून म्हणाला, “बरं. वायर काढ आधी.”

आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंदच झाला.

दिवसभर वाळवून रोज संध्याकाळी आम्ही बसायचो. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा आणि तो सांगेल तसं करायचं. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. बटणाएवढा सेल काढून परत बसवला. जुन्या टूथब्रशनं कुंकू खरवडलं, ते कुठल्या कुठल्या फटीत गेलं होतं. नारळाच्या गोडीला मुंग्या लागल्या होत्या, त्यांची रांग ग्राफिक्स कार्डावरून चालली होती.

“ती पट्टी दुसऱ्या खाचेत घाल आई. जोर लाव.”

“मोडंल की रं.”

“मोडल्यागतच हाय आता.”

पंखा हलायचा आणि थांबायचा. स्क्रीन काळी ती काळीच. ह्यांनी माझ्या नकळत डब्यापुढे उदबत्ती लावलेली मला दिसली, मी ती तशीच जळू दिली. बुडत्याला काडीचा आधार. एकदा पंखा थांबलाच नाही, स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली, आणि तिकडे मुलगा ओरडला, “आई, आलं, आलं!” तो असा ओरडलेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तेवढ्यात करपल्याचा वास आला आणि सगळं विझलं.

त्यानंतर त्याचा धीर सुटत गेला. कॉल आखूड झाले. मी मदरबोर्ड टॉवेलात गुंडाळून निपाणीतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं उजेडात धरून पाहिला. पिनांवर हिरवा गंज चढला होता.

“बोर्ड गेलाय आक्का,” तो म्हणाला. “असला बोर्ड आता मिळत बी न्हाय. ह्यात जीव अडकवू नका.”

मी मुलाला म्हटलं, “दिवाळीला येशील तवा बघू की रं दोघं मिळून.”

“दिवाळीला न्हाय जमत आई. ऑफिसात लई काम हाय. टाकून दे ते, मी लॅपटॉप पाठवतो.”

लॅपटॉप आला. पाटीसारखा चपटा, कुठून उघडायचा ते कळू नये असा. बटण दाबलं की मुकाट्यानं सुरू होतो. ह्यांनी त्याला लांबूनच हात जोडले. फोनवर पुन्हा ‘जेवलीस का’ सुरू झालं. मी वाट पाहिली, पण मेला बिघडतच नव्हता.

शेवटी एके दिवशी मीच म्हटलं, “लॅपटॉप चालू व्हईना रं.” तो माझ्यासमोर लख्ख चालू होता.

“हात लावू नको आई. वॉरंटी हाय. मी हितनं कंप्लेंट टाकतो, कंपनीचा माणूस फोन करंल तुला.”

“तू बघतोस का? कॅमेरा लावते.”

“मला काय त्यातलं कळत न्हाय. ते उघडायचंच नसतंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या मुलाचा फोन आला. आवाज गोड होता. काय होतंय ते त्यानं नीट विचारलं. हे बटण दाबा, आता थांबा, आता काय दिसतं, असं तो न कंटाळता सांगत राहिला. मीही न झालेलं दुखणं सविस्तर सांगितलं. मधल्या वेळात तो म्हणाला की त्यांच्याकडे पाऊस लागलाय. बराच वेळ बोललो आम्ही. मग त्यानं विचारलं, “आता झाला का मॅडम चालू?”

किती वेळ नाही म्हणणार? झाला म्हटलं.

संध्याकाळी मुलाचा मेसेज आला, कंप्लेंट मिटली म्हणून कळलं, बरं झालं. फोन काही त्यानं केला नाही. करायला कारणच उरलं नव्हतं.