अप्पांचं नाक

आज सकाळी कुंपणापलीकडे आमचे शेजारी अप्पा घमेलंभर चारा उकिरड्यावर ओतत होते. नाकाला उपरणं, चेहऱ्यावर मेलेला उंदीर उचलल्याचा भाव.

तो चारा मीच काल त्यांच्या गायीसाठी हौसेनं दिला होता. गव्हाचं काड ओलं करायचं, त्यात मातीतली गुणाची बुरशी मिसळायची आणि झाकून ठेवायचं. पांढऱ्या धाग्यांनी ते भरून येतं, तारेसारखं काड मऊ पडतं आणि गुरांच्या अंगी लागतं.

"अहो, याला बुरशी आलीय!" अप्पा म्हणाले.

"आपोआप नाही आली, मी लावलीय."

"तेच ते. आधी औषध फवारा."

या गृहस्थांना रोज सकाळी इडली लागते, चांगली आंबवलेली, जाळीदार. तिथं हे नाक गप्प असतं. आमच्याकडे स्वच्छता डोळ्यांनी ठरते. कोरडं, सोनेरी काड गायीपुढे टाकलं की आमचं कर्तव्य संपलं. त्यातलं अंगी काय लागतं, ते तिचं ती बघेल. तिच्या वतीनं नाक मुरडायला मात्र आम्ही सदैव तयार.

अप्पा हात धुवायला आत गेले. गायीनं पुढ्यातलं सोनेरी काड हुंगलं, हिसका देऊन दावं तोडलं आणि थेट उकिरड्यात तोंड खुपसलं.

"अगं, घाण खातेस काय!" अप्पा साबणाच्या हातांनी ओरडत धावले.

गायीनं मान वर केली असेल तर शपथ.