काडेपेटीतली बाकडी

समजा, तुम्हाला एक बाकडं करायचं आहे. लांबी अठरा मिलिमीटर. बसायची पट्टी जमिनीपासून साडेचार मिलिमीटर वर, पाठ किंचित मागे कललेली, कारण सरळ पाठीचं बाकडं म्हणजे शिक्षा. लाकूड म्हणून काडेपेटीतली काडी, गुल उडवून घेतलेली. हत्यारं दोनच, दाढीचं पातं आणि बायकोचा भुवयांचा चिमटा. डिंक सुईच्या टोकावर मावेल तेवढाच. श्वास नाकाने आणि हळू, कारण जरा जोरात सोडलात तर बाकडं टेबलाखाली आणि तुम्ही गुडघ्यांवर. हे सगळं जेवणाच्या अर्ध्या तासात, डबाही संपवून. आणि मध्येच कुणी दारातून आत आलं, तर चेहरा असा हवा की आपण निवांत दात कोरतोय.

मिस्तरींनी अशी अकरा केली.

मिस्तरी स्टेशनच्या सुतारकामाच्या शेडमध्ये अठ्ठावीस वर्षं होते. स्टेशनवर एकेचाळीस बाकडी होती आणि त्यांना प्रत्येकाचा स्वभाव ठाऊक होता. तीन नंबरवरचं चौथं उजव्या पायाने लंगडं, त्याला त्यांनी तीनदा पाचर मारलेली. एक नंबरवरच्या शेवटच्या बाकड्याच्या फटीत पदर अडकायचा, म्हणून त्याच्या पट्ट्या त्यांनी आपणहून जवळ घेतल्या होत्या. मग स्टेशनचा पुनर्विकास जाहीर झाला. शेड बंद झाली, हत्यारं पेट्यांत भरून गेली, आणि नोकरीची दोन वर्षं राहिलेल्या मिस्तरींना बसून करायचं काम दिलं गेलं. जुन्या पार्सलच्या खोलीत नव्या स्टेशनचं मॉडेल मांडलं होतं. ते सांभाळायचं.

मॉडेल चार मीटर लांब होतं, पांढरंशुभ्र, वर पारदर्शक झाकण आणि झाकणाला कुलूप. किल्ली हरवू नये म्हणून सगळ्यांना दिसेल अशा खिळ्याला टांगलेली. मिस्तरींनी आठवड्यातून दोनदा झाकण उघडून धूळ पुसायची आणि बघायला आलेल्यांच्या प्रतिक्रिया वहीत लिहायच्या. वहीत तीन रकाने होते. स्वागत, आक्षेप, इतर.

लोक आले की आधी आपलं घर दिसतंय का ते बघत, मग मुतारी कुठे आहे ते. एक विमा एजंट म्हणाला, "एवढी काच पुसणार कोण?" एक निवृत्त शिक्षिका बराच वेळ कौतुकाने बघत राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, "फारच स्वच्छ आहे. खरं स्टेशनही असंच झाकण लावून ठेवणार का?" हे स्वागत की आक्षेप, यावर मिस्तरींनी चहा होईपर्यंत विचार केला आणि 'इतर'मध्ये टाकलं.

पण दहातली सात माणसं एकच विचारायची. बसायचं कुठे?

कारण अख्ख्या मॉडेलमध्ये बसायला जागाच नव्हती. फलाटांवर कमरेच्या उंचीला तिरक्या दांड्या लावल्या होत्या. प्रवाशाने तिथे उभ्या उभ्या टेकायचं. डिझाइन कंपनीच्या तरुण मॅडम दर बुधवारी टॅब्लेट घेऊन यायच्या, त्यांनी मिस्तरींना नीट समजावून सांगितलं.

"काका, माणूस बसला की रेंगाळतो. प्रवाह थांबता कामा नये."

"आणि गाडी चाळीस मिनिटं लेट झाली की प्रवाह काय करतो, मॅडम?"

मॅडम हसल्या, टॅब्लेटवर काहीतरी लिहिलं आणि गेल्या. वही दर सोमवारी ऑफिसात जायची आणि परत यायची. पानाच्या तळाशी शिक्का असायचा, 'नोंद घेतली'.

हे सगळं मिस्तरींनी गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण पहिल्या टप्प्यात दोन नंबरवरची बाकडी उचलली गेली आणि नमुन्यादाखल तिथे दांड्या बसल्या. दोन नंबर हा त्यांच्या बायकोचा फलाट. स्टेशनमागच्या गणवेशाच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं कटिंगच्या टेबलाशी उभी होती. आता तर मुख्य कटर झाली होती, तिच्या खुणेशिवाय कापडाला कात्री लागत नसे. साडेपाचला सुटायची आणि सहा दहाची गाडी येईपर्यंत जिन्याखालच्या बाकड्यावर बसून टाचा चोळायची. मिस्तरींची ड्युटी सातपर्यंत, त्यामुळे ती पुढे निघायची.

दांडीवर पहिला दिवस काढून ती थेट पार्सलच्या खोलीत आली.

"हे बसणं नाहीये हो. हे टांगून ठेवणं आहे."

"मॉडेल बघायचंय का? नोंद करतो."

तिने चष्मा लावला आणि कापडातली खोट शोधावी तसं मॉडेल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "माणसं सगळी सडपातळ. एकाच्याही हातात पिशवी नाही. ही गाडीला आलीत की फोटो काढून घ्यायला?" मग म्हणाली, "माझी जागा कुठाय?"

मिस्तरींनी दोन नंबरच्या जिन्याखाली बोट दाखवलं.

"इथे तर काही नाही."

"नाहीये."

"मग ऐका. नवं स्टेशन होईपर्यंत मी रेटते. तेव्हाही हेच असलं तर काम सोडते. टाचा उसन्या मिळत नाहीत." तिने पिशवी उचलली. "लिहा तुमच्या वहीत."

"कुठल्या रकान्यात?"

"बायको तुमची आहे. तुम्ही ठरवा."

त्यांनी आक्षेपात लिहिलं. सोमवारी शिक्का बसला.

मंगळवारी दुपारी मिस्तरींनी काडेपेटी काढली. पहिली दोन बाकडी मोडली, तिसरं जमलं. टेबलाच्या खणातल्या व्हाइटनरने ते पांढरं केलं, खिळ्यावरची किल्ली घेतली आणि धूळ पुसता पुसता बाकडं जिन्याखाली चिकटवलं. शेजारी एक सडपातळ माणूस उभा होता. त्याला हाताशी जागा आहे हे कळल्यासारखं मिस्तरींना उगाच वाटलं.

पुढच्या बुधवारी मॅडम जिन्यापाशी वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"काका, हे कधी आलं?"

"मला काय विचारता, मॅडम? मी फक्त धूळ पुसतो."

मॅडमनी ओठ चावला. त्यांची अडचण मिस्तरींना लगेच कळली, कारण अठ्ठावीस वर्षं तेही अशाच अडचणीत नोकरी करत होते. कंपनीच्या मोठ्या सरांना 'हे तुम्ही बदललंत का' असं विचारायचं, म्हणजे मागच्या मीटिंगमध्ये आपलं लक्ष नव्हतं हे कबूल करायचं. मॅडमनी कुणालाच विचारलं नाही. टॅब्लेटवर नकाशा उघडला आणि जिन्याखाली एक बाक काढलं.

मोठ्या सरांना नकाशात बाक दिसलं तेव्हा त्यांना वाटलं, रेल्वेच्या साहेबांचा आग्रह असणार. त्यांनीही विचारलं नाही, सही केली. हे मॅडमच्या फोनवरच्या बोलण्यातून मिस्तरींच्या कानावर आलं आणि त्यांना एकदम मोकळं वाटलं. नकाशात आहे म्हणजे कुणीतरी मंजूर केलंच असणार, आणि मॉडेलमध्ये आहे म्हणजे नकाशात असणारच. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत अजून बरीच बाकडी मावली असती.

पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी आणखी दहा बसवली. जिथे ऊन येत नाही तिथे एक. जिथून गाडीची पाटी वाचता येते तिथे एक. मुतारीच्या फार जवळ एकही नाही, फार लांबही नाही. अकरावं झालं तेव्हा काडेपेटी संपली आणि बायको म्हणाली, "माझा चिमटा कुठे गेलाय? भुवया बघा, सासूबाईंसारख्या दिसायला लागल्यात."

मग एके दिवशी रेल्वेचे बडे साहेब पाहणीला आले. बरोबर मोठे सर, मागे मॅडम. मिस्तरी फडकं घेऊन कोपऱ्यात उभे राहिले. पेन्शनला सव्वा वर्ष होतं.

साहेब फलाटाशी वाकले. "अरे वा. बाकं दिलीत. मागे तर म्हणत होतात, प्रवाह अडतो."

सरांनी पहिल्यांदाच मॉडेलकडे नीट पाहिलं. मग बाटलीतलं पाणी प्यायले. फार सावकाश प्यायले.

"जनतेच्या प्रतिक्रियांचा आम्ही अभ्यास केला, सर."

"उत्तम. लोकांचं ऐकलं की असं होतं. किती आहेत एकूण?"

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी टॅब्लेटकडे.

"बारा," मॅडम म्हणाल्या.

अकरा, असं मिस्तरींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जो अकरा म्हणेल त्याला ते कसं माहीत हेही सांगावं लागेल. त्यांनी फडकं झटकलं.

मंडळी गेल्यावर त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. बाराच होती. बारावं एक नंबरवर, बाहेरच्या दरवाजापाशी होतं. ते काडेपेटीच्या काडीचं नव्हतं, आइस्क्रीमच्या चपट्या काडीचं होतं. पाठ ताठ, पट्ट्या दोनच, आणि व्हाइटनरऐवजी कागद चिकटवलेला. हात सुताराचा नव्हता, पण घाईचाही नव्हता. आणि ते उलटं होतं. रुळांकडे पाठ, दरवाजाकडे तोंड.

मॅडम विसरलेली छत्री घ्यायला परत आल्या तेव्हा मिस्तरींनी सहज म्हणावं तसं म्हटलं, "एक नंबरवरचं ते बाकडं उलटं लागलंय वाटतं."

"मला काय विचारता, काका?" मॅडम छत्री उचलत म्हणाल्या. "मी फक्त नकाशा काढते."

त्या हसत होत्या का, हे मिस्तरींना कळलं नाही. मग त्यांनी खोली झाडायला येणाऱ्या बाईला विचारलं. तिने हात जोडले, "मी केर नेते मिस्तरी, काही ठेवत नाही." बायकोने चष्म्यावरून पाहिलं. "मी करीन आणि पाठ एवढी ताठ ठेवीन? आणि चिमटा तर तुमच्याकडेच होता."

मिस्तरींनी एकदा झाकण उघडलं आणि ते बाकडं सरळ करायला चिमट्यात धरलं. मग तसंच सोडलं. दुसऱ्याच्या कामाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे शेडमध्ये त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं.

स्टेशन झालं. बारा बाकं बसली, त्यातलं एक उलटं. जिन्याखालच्या बाकड्यावर बायको पहिल्यांदा बसली, पाय पुढे सोडले, टाचा जमिनीवर टेकवल्या आणि म्हणाली, "पाठ अजून थोडी मागे चालली असती." कामाला ती अजून जाते.

मिस्तरी आता निवृत्त आहेत. आठवड्यातून दोनदा तिला न्यायला म्हणून लवकर येतात आणि उलट्या बाकड्यावर बसतात. लोकांच्या प्रतिक्रिया त्यांना ऐकू येतात, वही नसली तरी. "कुठल्या गाढवाने लावलंय हे?" असं परवा एकाने विचारलं आणि त्यांच्याच शेजारी बसून दरवाजाकडे बघत शेंगा सोलल्या. कुणी पाहुण्यांची वाट बघत बसतं. कुणी कुणाला तरी गाडीत बसवून आलेलं असतं आणि गाडी हलताना बघायची नसते. रिकामं ते क्वचितच असतं. मिस्तरी एकेकाचे हात न्याहाळतात, आइस्क्रीमची काडी कापताना हे कसे दिसले असते म्हणून. अजून कुणावर बोट ठेवता आलेलं नाही. पण कुणी केलं, हे कळलं नाही तरी आता त्यांना चालेल. त्यांना एवढंच विचारायचं आहे, की सबंध स्टेशन रिकामं पडलेलं असताना, हवी ती जागा घेता येत असताना, गाड्यांकडे पाठ करून बसायचं होतं ते कुणाला?