मास्तरांनी काळ्या कापडावर ओढलेली रेघ

शिंपी मास्तरांची रेघ म्हणजे रेघ. पट्टी न लावता खडूने कापडावर ओढायचे, आणि कुणी मागाहून पट्टी लावून बघितली की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मुलगी वकील झाली तेव्हा तिचा काळा कोट आपणच शिवणार, हे त्यांनी गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवलं होतं. पण डावा डोळा म्हातारपणाने आधीच अधू केलेला, आणि आता उजव्याचा पडदा आतून सुजला. कापड राहिलं बाजूला, डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली.

डॉक्टरबाईंनी घरी बघायला चौकटींचा कागद दिला होता. रेघा वाकड्या दिसल्या तर सांगा, म्हणाल्या. मास्तर दर खेपेला ठणकावून सांगायचे, एकदम सरळ. स्कॅनमधली सूज मात्र हलायला तयार नव्हती. बाई बुचकळ्यात पडल्या. कुठल्या डोळ्याला कुठलं औषध लागू पडेल, हे डोळ्याच्या आतल्या पाण्यावरून ओळखता येतं का, याचा त्या अभ्यास करत होत्या. पुढच्या इंजेक्शनआधी त्यांनी मास्तरांच्या डोळ्यातलं थेंबभर पाणी सुईने काढून तपासायला पाठवलं.

त्या थेंबाने मास्तरांची बाजू घेतली नाही. औषध ज्या घटकावर चालतं तो खाली आला होता, पण दाहाच्या खुणा चढलेल्याच होत्या, म्हणजे सूज दाहाची होती. बाईंनी कागद पुढे केला आणि आत्ता इथे बघायला सांगितलं.

मास्तरांनी सवयीने मान कलती केली, कागद तळहाताने ताणला, जरा तिरका धरला. कापडाचे धागे ते असेच जुळवून घेत.

"बाबा, तुम्ही रेघ सरळ करून घेताय," सोबत आलेली मुलगी म्हणाली.

ज्याला वाकडं दिसतं त्या शिंप्याकडे कोण येईल, ही भीती मास्तरांना कधीची होती. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि मान ताठ केली.

"मधल्या रेघा वाकतात," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

औषध बदललं, सूज हळूहळू ओसरली. एका सकाळी दुकानातल्या टेबलावर काळं कापड पसरलं. मास्तरांनी पाठीची मधली रेघ ओढली, मान न कलवता ती न्याहाळली, आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. पट्टी स्वतःच मुलीच्या हातात दिली.

तिने ती रेघेवर ठेवली, वरपासून खालपर्यंत सरकवली. रेघ कुठे केसभरही हललेली नव्हती. "सरळ आहे," ती अभिमानाने म्हणाली.

"मलाही तशीच दिसतेय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कात्री उचलली.