मशीनच्या पत्र्याला मुशीचं तेल

काशीदला किनाऱ्यावर माझी टपरी आहे. तिथल्या व्हिडिओ गेमच्या मशीनचा दांडी आणि बटणं बसवलेला पत्रा खाऱ्या वाऱ्याने सडला. दिवाळीच्या सुट्टीआधी मशीन चालू व्हायला हवं होतं, म्हणून जुन्याच्या मापाने नवा करून घेतला. गंजू नये म्हणून, होडीला लावतो तसं मुशी माशाचं तेल मी त्याला दोन्ही बाजूंनी चोपडलं. पहिलंच गिऱ्हाईक हात हुंगून म्हणालं, "आजी, गेम खेळायचा की मासे साफ करायचे?"

नवरा म्हणाला, "होडीवर कोण बटणं दाबतं गं?"

त्याचं बरोबर होतं. बटणं काढून वरची बाजू सोड्याने घासली, रंग दिला. खालचं तेल राहू दिलं. सुट्टीभर मशीन चाललं. दुरुस्तीवाला मात्र ते नाक दाबूनच उघडतो.