दंडाला बांधलेला हिरा

गेवराईच्या सराफा गल्लीतल्या बिभीषण दहिवाळांना, म्हणजे अण्णांना, अलीकडं सगळ्याचाच कंटाळा आला होता. शटर वर करायचा कंटाळा, गिऱ्हाइकाला "या, बसा" म्हणायचा कंटाळा, आणि सगळ्यात जास्त कंटाळा खोटं बोलायचा. खोटं एकच, पण दिवसातून दहादा बोलावं लागायचं. "खड्याचं काम बंद केलंय. डोळ्याला दिसत न्हाई." अहो, डोळ्यांना काय धाड भरली होती! मोतीबिंदू काढल्यापासून समोरच्या मेडिकलची पाटी त्यांना इथून वाचता यायची. गेला होता तो उजवा हात. वर्षभरापासून तो थरथरत होता आणि ते फक्त त्यांच्या बायकोला, सरस्वतीबाईंना माहीत होतं. त्या चहाचा कप अर्धाच भरून द्यायच्या.

चाळीस वर्षं याच हातानं खडे बसवले. त्याचा ताठाही होता, नाही कशाला म्हणा. रामेश्वर नावाचा कारागीर बारा वर्षं त्यांच्या शेजारी बसून काम शिकला. एकदा त्याच्या हातून पाचूची कड उडाली, तर भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत अण्णा गरजले, "हात हालतो बे तुझा! जा, दुसरं काय तरी बघ. हे काम तुला जमायचं न्हाई." रामेश्वरनं आपला चिमटा उचलला आणि जो गेला तो गेलाच. आता तो बीडला हिरे बसवतो, आणि झकास बसवतो म्हणतात. नऊ वर्षं झाली, दोघांत शब्द नाही.

तर अशा अण्णांच्या दुकानात मागच्या सोमवारी विमलबाई हिरा घेऊन आल्या. विमलबाई म्हणजे गोदाकाठच्या बागायतदार अर्जुनरावांच्या कारभारीण. त्यांचं स्वतःचं मंगळसूत्र अण्णांच्या हातचं, नणंदांच्या पाटल्या अण्णांच्या हातच्या. आता मुलाचा, विजयसिंहचा प्रियदर्शनीशी साखरपुडा ठरला होता. सुरतेहून सुटा हिरा आणला होता, कागदाच्या पुडीत, सोबत प्रमाणपत्र.

"अण्णा, प्रियदर्शनीची अंगठी तुमीच करायची. दुसऱ्याच्या हातात मी हा खडा देणार न्हाई," त्या म्हणाल्या.

डोळ्यांची सबब अण्णांच्या ओठावर आली होती. पण या बाईंनीच मागच्या साली त्यांना मोतीबिंदूसाठी गाडीतून नगरला नेलं होतं. त्यांच्यासमोर कसलं खोटं बोलणार, कप्पाळ!

मग अण्णांनी वेळ काढायला दोन खुट्ट्या मारल्या. पहिली रीतीची. सुनेच्या अंगठीचा खडा आधी सासूनं तीन दिवस अंगावर बाळगायचा, लाभतो की बाधतो ते बघायचं. लाल कपड्यात बांधून सोनारानं तो दंडाला बांधायचा आणि सोडायचाही त्यानंच. दुसरी खुट्टी विम्याची. "विमा उतरवल्याबिगर मी सुट्ट्या हिऱ्याला हत्यार लावणार न्हाई, वहिनीसाहेब. नखं दाबताना कड उडाली म्हंजे? कागद आणा, मग बसवतो." अंगठीत हिरा धरून ठेवणारी सोन्याची बारीक टोकं, त्यांना नखं म्हणतात. ती दाबताना जोर केसभर इकडं-तिकडं झाला की हिऱ्यासारख्या हिऱ्याचाही टवका जातो.

अण्णांचा हिशोब असा, की कागदांना महिना लागेल, साखरपुडा तोंडावर येईल आणि मंडळी वैतागून बीडला जातील. खोटं न बोलता सुटका. त्यांनी पुरचुंडी बांधायला घेतली. दोनदा गाठ निसटली. "दोराच निसरडा हाय," ते पुटपुटले. विमलबाईंनी दंड तसाच पुढं धरला.

पण विमा काढणारा प्रविण निघाला कामाचा. एरवी ट्रॅक्टर आणि म्हशींचे विमे काढणारा गडी. हिऱ्याचं नाव ऐकून आधी गडबडला. "म्हशीच्या कानात बिल्ला तरी मारता येतो," म्हणाला. मग त्याला कळलं, हिऱ्याच्याही कडेवर भिंगातून दिसेल असा नंबर कोरलेला असतो. झालं, पठ्ठ्यानं चौथ्या दिवशी फॉर्म तयार करून विमलबाईंना घेऊन दुकान गाठलं. त्यांना पायरी चढताना बघून अण्णा उगाच तराजू पुसायला लागले.

"चला, हिरा दाखवा. नंबर जुळवून फोटो काढू," प्रविण म्हणाला. विमलबाईंनी पदर सारून दंड दाखवला.

"काकू! तीन दिवस हा असा?"

"तर काय! काल आष्टीला लग्नाला बी गेलते."

प्रविणनं कपाळावर हात मारला. "यष्टी स्टँडवर कुणी दोरा कापला असता म्हंजे? बरं, आता घाबरू नका. चोरी, हरवणं, आग, प्रवास, सगळं हाय याच्यात. फक्त कारागिराच्या हातून काम करताना चिरला, तर कंपनी देत न्हाई."

"न्हाई देत?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई. तेवढं सोडून सगळं."

अण्णांना हसावं की रडावं कळेना. वाट अडवायला म्हणून विमा मागितला होता, तरी मनाच्या कोपऱ्यात वाटायचं, कागद असला तर बसवूनही बघू एकदा, शेवटचं. तीही आशा गेली. ते फार थकल्यासारखे दिसले.

"प्रविण, चहा सांगून ये रे," विमलबाई म्हणाल्या. तो उतरला तसा त्यांनी दंड पुढं केला. "सोडा अण्णा."

अण्णांनी गाठीला हात घातला. बोटं दोऱ्यावर नाचत राहिली. एकदा नख त्यांच्या दंडाला लागलं, पण विमलबाई हलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "बांधलात ना, तवाच कळलं मला."

अण्णांचा हात तिथंच राहिला. "मग हे कागदपत्र कावून केलं?"

"तुमी म्हणला म्हणून. मला वाटलं, एवढा मोलाचा खडा बघून भ्यालात. कागद आला की भ्या जाईल, हात थांबल."

एवढं मोठं घर, एवढा राबता, आणि या बाईनं तीन दिवस कागद जमवले ते म्हाताऱ्या सोनाराचा हात थांबावा म्हणून! अण्णांना भडभडून आलं.

"भ्यानं न्हाई हालत, वहिनीसाहेब," ते म्हणाले. "हात गेला माझा. वरीस झालं. डोळ्याचं सांगतो ते खोटं हाय."

विमलबाईंनी दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं, घट्ट. तेवढ्या आधारानं गाठ सुटली. हिरा गादीवर पडला.

चहा आला. कप काठोकाठ भरलेला. अण्णांनी तो दोन्ही हातांनी उचलला, थोडा धोतरावर सांडला, पण ते प्याले. प्रविणनं बघितलं आणि फॉर्ममध्ये मान घातली.

"अण्णा, हिरा कुणाकडं ऱ्हाणार त्याचं नाव लागतंय. कारागीर म्हणून तुमचंच टाकू ना?"

"न्हाई. रामेश्वर लिही. बीडचा."

विमलबाईंनी चमकून बघितलं. अण्णांनी मान खाली घातली. "त्याचा हात चांगला हाय. तवा बी चांगलाच होता," ते म्हणाले.

"फोन नंबर पायजे त्यांचा. कुठून मिळंल?"

अण्णांनी कप खाली ठेवला आणि नऊ वर्षांत एकदाही न लावलेला नंबर न अडखळता सांगितला, दहाच्या दहा आकडे.